घोड्याच्या गळ्यातला हार

वल्लरीच्या कॉलेजातला पुतळा अखेर हलणार, ही बातमी संजयला स्वतःच्या मुलीकडून कळली नाही. ती कळली टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या इंडियन ग्रोसरीत, भाजीपाशी, आणि सांगणारा होता मराठी मंडळातला प्रथमेश. कोथिंबिरीची जुडी झटकत तो सहज म्हणाला, "दादा, मग शनिवारी येतोयस ना? वल्लूने सांगितलंच असेल."

"हो, सांगितलं ना," संजय म्हणाला. घरी पोचेपर्यंत त्याच्या अंगाचा तीळपापड झाला होता, आणि ज्या कोथिंबिरीसाठी तो गेला होता ती दुकानातच राहिली.

वल्लू हे नावसुद्धा संजयचं होतं. पोरगी पाळण्यात होती तेव्हा त्याने ठेवलेलं. प्रथमेशने ते कधी उचललं, कुणालाच आठवत नव्हतं. आता त्याच्या तोंडी ते असं बसलं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, बारसं यानेच केलं.

प्रथमेश पुण्याचा, संजयहून आठ-नऊ वर्षांनी लहान, उंच, डोक्यावरचे केस शाबूत. मुलांशी त्यांच्याच इंग्रजीत बोलायचा, त्यांचेच विनोद करायचा. इथेच जन्मलेल्या प्रीताशी लग्न करून तो केव्हाच अमेरिकन नागरिक झाला होता. संजय नागपूरचा. एका बँकेचे डेटाबेस सांभाळत त्याने बावीसेक वर्षं व्हिसावर काढली होती आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत तो अजून उभाच होता. प्रथमेश माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, संजयला उघड चिडता आलं असतं. पण संजयच्या बायकोचं, आसावरीचं, ऑपरेशन झालं तेव्हा दोन्ही वेळचा डबा प्रथमेशच्या घरून यायचा. ज्याच्या घरचा डबा खाल्ला त्याचा मत्सर माणसाला चोरूनच करावा लागतो, आणि चोरून केलेला मत्सर पचत नाही.

आता पुतळ्याचं सांगायला हवं, कारण या दोघांनी तिथे जो पराक्रम केला होता त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

टेनब्रुक कॉलेज फ्रिस्कोहून अडीच तासांवर, पूर्व टेक्ससमधल्या पाइनच्या झाडीत. लहानसं, खासगी, लाल विटांचं. तीन वर्षांपूर्वी वल्लरीला तिथे सोडायला दोन्ही घरं निघाली होती, कारण सामान मावेल एवढी गाडी प्रथमेशचीच होती. फाटकातून आत शिरताच समोर एका उंच चौथऱ्यावर घोडा, आणि घोड्यावर कमरेला तलवार लावलेला ब्राँझचा माणूस, दूर कुठेतरी बघणारा. संजयने गाडी थांबवायला लावली.

"संस्थापक असणार," तो म्हणाला. नागपूरला त्याच्या कॉलेजच्या दारातही संस्थापकांचा अर्धपुतळा होता. परीक्षेच्या दिवशी पोरं त्याला हात लावूनच आत जायची.

चौथऱ्यावर पाटी होती. ती कुणी वाचली नाही. घोड्यावर बसवलेला माणूस वाईट असू शकतो, हे आपल्या मराठी डोक्यात येतच नाही. घोडा दिसला की आपले हात आपोआप जुळतात. वल्लरीच्या खोलीत ठेवायच्या गणपतीसाठी झेंडूचा हार घेतला होता, पण फोनवर ऑर्डर देताना काहीतरी घोटाळा झाला आणि वीतभर गणपतीला चार हात लांबीचा हार आला. संजय म्हणाला, "विद्येच्या दारात आलोय, ह्यांनाच घालू." प्रथमेश उंच, तो चौथऱ्यावर चढला आणि त्याने हार घोड्याच्या गळ्यात टाकला. हाराचं दुसरं टोक संजयने खालून धरलं होतं. शेजारी वल्लरी, बापाच्या खांद्यावर कोपर टेकवून, लाजेने अर्धमेली होऊन हसत उभी. आसावरीने फोटो काढला.

एक पांढऱ्या केसांच्या बाई तिथे थांबल्या. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाल्या, देव तुमचं भलं करो, हल्ली आमच्या कर्नलची आठवण कोण ठेवतं. संजय परतीच्या वाटेवर प्रथमेशला सांगत होता, "पाहिलंस, इथेही लोकांत श्रद्धा आहे."

दुसऱ्या दिवशी वल्लरीच्या रूममेटने, जॅस्मिनने, विचारलं, घोड्याला फुलं कुणी घातली माहितेय का? जॅस्मिन काळी होती, तिच्या आजीचं गाव तिथून जवळच. ती रागावली नाही, तिने नुसतं विचारलं, आणि तेच वल्लरीला लागलं. तिने जाऊन पाटी वाचली, मग लायब्ररी गाठली. कर्नल ऑर्विल स्टॅनफिल संस्थापक वगैरे कुणी नव्हता. गुलामगिरी टिकावी म्हणून आपल्याच देशाविरुद्ध लढलेल्या कॉन्फेडरेट सैन्यातला तो अधिकारी. त्याच्या कापसाच्या मळ्यावर माणसं विकत आणली जायची आणि तिथूनच विकलीही जायची. पुतळाही युद्ध हरून पन्नास वर्षं झाल्यावर बसवलेला, तिथल्या काळ्या माणसांनी आपली पायरी विसरू नये म्हणून.

तिने घरी फोन करून सांगितलं तेव्हा संजय ओशाळला. रात्री त्याला जेवण गेलं नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण आठवड्याभराने तिचा पुन्हा फोन आला, की आम्ही काही मुलं मिळून हा पुतळा हलवा म्हणून मागणी करतोय, तेव्हा त्याची भीती लाजेच्या पुढे गेली.

"बेटा, आपण बाहेरचे. आपलं कार्ड अजून यायचंय," तो म्हणाला. "तू कर तुला काय करायचं ते. पण माझं नाव नको, माझा फोटो नको. कुठेच नको."

"ओके," वल्लरी म्हणाली.

मुलं सांगितलेलं ऐकत नाहीत म्हणून आईबाप रडतात. ही पोरगी ऐकणारी निघाली. त्या दिवसानंतर तिने त्या बाबतीत बापाकडे चकार शब्द काढला नाही. जेवलीस का, गाडीचं ऑइल बदललंस का, थंडी आहे का, एवढंच बोलणं. बाकीचं सगळं प्रथमेशकाकाला. विश्वस्तांच्या बैठकीला तिच्यासोबत गेला प्रथमेशकाका. मुलं फाटकाशी बसली तेव्हा समोशांचे ट्रे घेऊन गेला प्रथमेशकाका. टीव्हीवाल्यांनी तिला गाठलं तेव्हा तिच्या मागे, हाताची घडी घालून, गंभीर चेहऱ्याने उभा होता तो कोण, हे सांगायला नको. संजयने ती क्लिप ऑफिसात कानाला इयरफोन लावून कितीतरी वेळा पाहिली. मुलीकडे बघायला म्हणून लावायचा आणि दर वेळी मागच्या माणसाकडेच बघत बसायचा.

मंडळाच्या गणपतीत तर प्रथमेशने माइक हातात घेऊन 'आपली मुलं आणि अमेरिकेतला अन्याय' यावर भाषणच ठोकलं. लोक नंतर संजयला येऊन सांगत होते, "काय सुंदर बोलला हो प्रथमेश. तुमच्या वल्लरीला किती आधार आहे त्याचा." संजय हसत होता आणि मोदक घशाखाली उतरत नव्हता.

तर त्या कोथिंबिरीच्या दिवशी त्याने घरी येऊन वल्लरीला फोन लावला.

"शनिवारचं प्रथमेशकडून कळलं," तो म्हणाला. आवाज साधा ठेवायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला.

"ओह, काकाने सांगितलं? आय वॉज गोइंग टू कॉल. क्रेन येणारे, स्पीचेस आहेत, माझं पण आहे एक." मग तिने विचारलं, "तुम्हा दोघांना यायचंय का? यू डोन्ट हॅव टू, बाबा. कॅमेरे असतील."

यू डोन्ट हॅव टू. प्रथमेशला असं म्हणाली नसेल. प्रथमेशला म्हणाली असेल, काका, तुला यायलाच हवं.

"येतोय आम्ही," संजय म्हणाला.

शनिवारी सकाळी गाडी आसावरी चालवत होती. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रथमेशने पहाटेच टाकलं होतं, 'टेनब्रुकला निघालो. आपल्या वल्लूचा मोठा दिवस.' खाली हात जोडलेले, फुलं, झेंडे, 'प्रथमेश, यू आर ग्रेट यार.' वल्लूच्या बापाचा उल्लेख एकाही माणसाने केला नव्हता. संजय वाचत गेला आणि जळत गेला.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा त्याने फोनमधून तो जुना फोटो शोधून काढला. घोडा, हार, चौथऱ्यावर चढून हात जोडलेला प्रथमेश. अन्यायाविरुद्ध भाषणं ठोकणारा हा माणूस गुलामांच्या मालकाला झेंडूचा हार घालतोय. एवढंच दिसायला हवं होतं लोकांना. स्वतः दिसायची गरज नव्हती, आणि वल्लरी तर दिसताच कामा नये, तिला कशाला त्रास. त्याने फोटो डाव्या बाजूने कापत आणला. आधी त्याच्या खांद्याला टेकलेली वल्लरी गेली, मग तो स्वतः गेला. उरले घोडा आणि प्रथमेश. 'जुनी आठवण!' असं लिहून, पुढे एक हसरा चेहरा डकवून, त्याने तो ग्रुपवर सोडला. मत्सरी माणूस खरं वैर कधी करत नाही, तो गंमत करतो.

आसावरी गाडीत बसली आणि तिचाही फोन वाजला. तिने पाहिलं.

"हे काय?"

"गंमत," संजय म्हणाला.

"तुझा हात राहिलाय ह्यात."

त्याने पाहिलं. खरंच, हाराच्या खालच्या टोकाला, फोटोच्या कडेशी, एक मनगट होतं. मनगटावर घड्याळ, वल्लरीने तिच्या पहिल्या समर जॉबमधून दिलेलं. बाकी माणूस नव्हता.

"तीन वर्षं तिला सांगतोयस, माझं नाव नको, माझं नाव नको," आसावरी गाडी सुरू करत म्हणाली. "ती जन्माने इथली नागरिक, आता एकवीसची झाली. आपल्या कार्डाचा अर्ज करणार कोण? तीच ना. म्हणजे या देशात तू राहणार तिच्या नावावर, आणि तुझं नाव तिने घ्यायचं नाही."

"आता काहून काढतेस ते?" संजय म्हणाला. 

टेनब्रुकला फाटकापाशी शंभरेक माणसं जमली होती. रस्त्याच्या पलीकडे कॉन्फेडरेट झेंडे घेतलेली काही मंडळी खुर्च्या टाकून बसली होती, त्यात कदाचित त्या रुमालवाल्या बाईही असतील, संजयला तिकडे बघायचा धीर झाला नाही. कर्नलच्या घोड्याच्या पोटाखालून जाड पट्टे गेले होते आणि क्रेनवाला कॉफी पीत उभा होता. पुतळा गावाबाहेरच्या दफनभूमीत जाणार होता, जुन्या सैनिकांच्या थडग्यांपाशी. प्रथमेश आधीच पहिल्या रांगेत पोचलेला. निळा लिननचा शर्ट, कडक इस्त्रीचा. संजयने स्वतःच्या टी-शर्टकडे पाहिलं आणि त्याचं पुन्हा डोकं फिरलं.

तेवढ्यात वल्लरी गर्दीतून धावत आली. काकाकडे गेली नाही, सरळ बापाकडे आली.

"बाबा, बरं झालं आलास. ऐक ना, माझ्याकडे टू मिनिट्स आहेत." तिला दम लागला होता. "माझं स्पीच हारापासून सुरू होतं. आपण घातलेला तो हार. तो नसता तर जॅस्मिनने विचारलं नसतं, अँड आय वुड हॅव वॉक्ड पास्ट हिम फॉर फोर इयर्स. मी 'अ रिलेटिव्ह' असं लिहिलंय, कारण तू नाव नको म्हणालास. पण आज एकदा विचारते. 'माय डॅड' म्हणू का? आणि तो फोटो दे ना, आपल्या सगळ्यांचा. काकाकडे नाहीये."

 ज्या हाराची तीन वर्षं संजयला शरम वाटत होती, त्या हारापासून पोरगी गोष्ट सुरू करत होती. म्हणजे सगळ्याची सुरुवात त्याच्यापासून होती, प्रथमेशपासून नव्हे. हो म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच प्रथमेश मागून आला, फोन पुढे धरून, हसत.

"वल्लू, दादाने काय भारी फोटो शोधलाय बघ. ग्रुपवर सगळे माझी मजा घेतायत. गिल्टी अ‍ॅज चार्ज्ड यार." त्याला राग आलेला नव्हता. त्याच्या मनातही आलं नव्हतं की फोटो राग यावा म्हणून टाकलाय.

वल्लरीने फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, पुढे सरकेना तसा पुन्हा सरकवला.

"बाबा, ह्यात मी कुठेय?"

"अगं, ते ग्रुपवर टाकायचं होतं ना. तुझा चेहरा कशाला उगाच."

"हा तुझा हात आहे. हे माझं घड्याळ."

"हो."

"आणि तू नाहीस."

 वल्लरीने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा काकाच्या हसऱ्या चेहऱ्याकडे, मग बापाकडे, आणि तिला काय कळायचं ते कळलं. लहानपणापासून ती हुशारच होती.

"ओके," ती म्हणाली. तीन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाली होती तोच ओके. आणि ती माइककडे निघून गेली.

भाषण तिने हारापासूनच सुरू केलं. इंग्रजीत, न अडखळता. माझ्या घरच्या दोन माणसांनी या पुतळ्याला फुलांचा हार घातला होता, ती म्हणाली. ती लांबून आलेली माणसं. त्यांना वाटलं, कॉलेजने दारात उभा केलेला माणूस चांगलाच असणार. त्यांचा विश्वास खोटा नव्हता, हा पुतळा खोटा होता. लोक शांत झाले. मग ती म्हणाली, "त्या दोघांपैकी एक जण आज इथे आला आहे," आणि तिने पहिल्या रांगेकडे, प्रथमेशकडे हात केला.

टाळ्या पडल्या. कॅमेरे निळ्या शर्टाकडे वळले. प्रथमेश गोरामोरा झाला. त्याने मागे वळून संजयकडे पाहिलं आणि मान हलवली, मी नाही, मी असं सांगितलेलं नाही.

 हार संजयचा होता. थांबवा गाडी म्हणणारा तो होता. पाटी न वाचणारा पहिला गाढव तोच होता. तो मूर्खपणा, ती शरम, सगळं त्याचं होतं, आणि ते त्याने आज सकाळी पेट्रोल पंपावर स्वतःच्या हाताने कापून प्रथमेशला देऊन टाकलं होतं. प्रथमेशला मिळालेलं काहीच त्याला कधी बघवलं नव्हतं. आता स्वतःची शरमसुद्धा त्याच्या पदरात पडलेली बघवेना.

त्याने हात वर केला. घड्याळाचा तोच हात. कॅमेरे होते, रस्त्यापलीकडचे झेंडे होते, यायचं राहिलेलं कार्ड होतं, सगळं त्याला आठवत होतं. वीस वर्षं रोज बोललेलं इंग्रजी ऐन वेळी कुठे पळालं कोण जाणे.

"दुसरापण इथेच आहे," तो मराठीतच म्हणाला. "हार माझा होता."

शंभर माणसं त्याच्याकडे बघू लागली. कुणाला काही समजलं नव्हतं. पुढच्या रांगेत प्रथमेश उठून उभा राहिला, त्याच्या त्या सफाईदार इंग्रजीत सगळ्यांना समजावून सांगायला, आणि संजयला वाटलं, संपलं, हेही आता तोच सांगणार.

"काका, नको," वल्लरी माइकमध्ये म्हणाली. "मी सांगते."

प्रथमेश बसला. ती बापाकडे बघत राहिली, इतका वेळ की क्रेनवाल्यानेही कॉफी खाली ठेवली.

"दॅट्स माय डॅड," ती म्हणाली. "ही सेज द गार्लंड वॉज हिज."

पुढे काय बोलली ते संजयला धड ऐकू आलं नाही. भाषण संपवून ती खाली आली, गर्दीतून वाट काढत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. फोटोबद्दल काही बोलली नाही. त्यावर बोलणं व्हायचं होतं, ते सोपं जाणार नव्हतं, आणि प्रथमेशशी बोलणं तर त्याहून अवघड होतं, हे संजयला माहीत होतं. क्रेनचा पट्टा ताणला गेला. कर्नल घोड्यासकट आधी थोडा डुगडुगला आणि मग चौथऱ्यावरून वर उचलला गेला.

सगळ्यांत जोरात टाळ्या प्रथमेशने वाजवल्या, आणि एवढं होऊनही संजयला ते खटकलं. त्याचेही हात टाळ्यांसाठी उठले होते. पण वल्लरीने त्याच्या खांद्यावर कोपर टेकवलं होतं, आणि खांदा हलेल म्हणून त्याने टाळी वाजवली नाही.